खाऱ्या पाण्यासाठी शिसं

(नागपूर, प्रतापनगर. उन्नतीच्या घराची गच्ची, फेब्रुवारीतली दुपार. फरशीवर पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची शिशाची वजनं, ती ओवायचे नायलॉनचे पट्टे, कचरा वेचायच्या जाळीच्या पिशव्या. समुद्रतळाची सफाई करायला जाणारी पाणबुड्यांची टोळी उद्या सकाळी इथून मालवणला निघणार आहे.)

अंकित: अन् हा पट्टा कोणाचा?

उन्नती: कोणता?

अंकित: हा. पाण्याच्या टाकीमागं होता. पोत्याखाली.

उन्नती: गार्गीचा असेल. तू पिशव्या मोजणार होतास ना? आईने दोन दिवस मशीनवर बसून शिवल्यात. गांधीबागेतून मच्छरदाणीच्या कापडाचं अख्खं थान आणलं तिने.

अंकित: पिशव्या झाल्या मोजून. काकूचं काम एक नंबर. अन् गार्गीचा पट्टा हा इथं आहे वं, गुलाबी टेपवाला.

उन्नती: मग जास्तीचा समज. तिथे कोणाला शिसं कमी पडलं तर असावा एखादा.

अंकित: तू अन् जास्तीचं शिसं? मागच्या वर्षी मी एक तुकडा जास्त टाकला तं तू गाडी सुटायच्या टायमाले माही बॅग उघडायले लावली होती.

उन्नती: हजार किलोमीटर न्यायचं असतं ते.

अंकित: तेच म्हणून राहिलो.

उन्नती: आणि पहिल्या वर्षी कमी नेलं तेव्हा काय झालं, ते विसरलास?

अंकित: विसरीन कसा? फुटाळा तलावाच्या पाण्याचा हिशोब धरून समुद्रात उतरलो आपण. सारेच्या सारे वर. ऋषिकेश तं डोकं खाली घालून पाय झाडून राहिला होता, पण हातभर खाली जाईन तं शपथ. तो बोटवाला काय म्हणे तेव्हा?

उन्नती: "नागपूरवाल्यांका बुडूक पण येणा नाय."

अंकित: अन् तू बोटीत बसून त्याले समजावून राहिली होती, काका, खारं पाणी जड असते, ते माणसाले जास्त उचलते, आमचा हिशोब गोड्या पाण्याचा होता.

उन्नती: तो ऐकत होता.

अंकित: तो खर्रा घोटून राहिला होता.

उन्नती: मालवणात खर्रा नसतो. तंबाखू मळत होता.

अंकित: बरं, तंबाखू. आता हे सांग, याचं बक्कल काहून उलटं आहे?

उन्नती: घाईत लागलं असेल.

अंकित: तुह्या हातून घाईत काही लागत नाही. आपल्या साऱ्यायचे पट्टे उजव्या हातानं सुटतात. तूच नियम केला. पाण्यात दुसऱ्याचा पट्टा सोडायची पाळी आली तं शोधत नाही बसायचं, हात आपोआप गेला पायजे. एकाच माणसाचं बक्कल उलटं होतं, कारण ते डावखुरं आहे. अन् ते बक्कल मी एकदा सोडलं आहे, उन्नती. काही दिसत नसतानी.

उन्नती: दे इकडे.

अंकित: देतो. पहिले सांग.

उन्नती: आयुष येत नाही, हे तुला माहीत आहे.

अंकित: माहीत आहे. त्याची सुट्टी नामंजूर झाली. तो पाण्यातला गार्गीचा जोडीदार होता. तू ग्रुपवर टाकलं, गार्गीसाठी कोणीतरी मिळेल, मी बघते. मग मी फोनवर विचारलं, दामिनीशी बोलली का, तं तू हो म्हणे.

उन्नती: मी "हं" म्हटलं होतं.

अंकित: बोलली का दामिनीशी?

उन्नती: नाही.

अंकित: वैभवीशी?

उन्नती: नाही. कोणाशीच नाही.

अंकित: म्हणजे गार्गीसोबत तू उतरणार.

उन्नती: पाच मीटर, अंकित. खडकाच्या आतल्या बाजूचा तुकडा. तिथे अडकलेली जाळी नाहीत, कापायचं काही नाही, नुसत्या पिशव्या आणि बाटल्या वेचायच्या. भरती संपताना पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. मी सगळं बघून ठेवलंय.

अंकित: मले किनाऱ्यावर सांगणार होती का?

उन्नती: बोटीत. तू पाण्यात उडी मारल्यावर.

अंकित: वा. अन् मी खाली गेलो की तू मागून येणार. मी खाली असतानी मले तुह्याशी भांडताही येत नाही.

उन्नती: म्हणूनच.

अंकित: डॉक्टर काय म्हटले होते?

उन्नती: तुला पाठ आहे ते.

अंकित: तुह्या तोंडून ऐकू दे.

उन्नती: डावा कान आतून गेला आहे, तो परत येणार नाही. उजवा जपा. दाबाखाली पुन्हा जाऊ नका. पोहायचं असेल तरी विचारून. कानाचे डॉक्टर आहेत ते, अंकित. ते कानाच्या बाजूनेच बोलणार.

अंकित: अन् तू कोणाच्या बाजूनं आहे?

उन्नती: असं वकिलासारखं बोलू नकोस. हिंगण्याच्या कंपनीत कॉम्प्रेसर बघतोस तू.

अंकित: बघतो. दाबाचंच काम आहे. पण हे मी कंपनीत नाही शिकलो. स्विमिंग पूलवर फळ्यावर काढून कोण शिकवते नव्या पोट्ट्यायले? पाच मीटर म्हणजे कमी, असं समजू नका, कानातली हवा सगळ्यात झपाट्यानं वरच्याच पाण्यात दबते, कान तिथंच फाटतात. कोण शिकवते?

उन्नती: मी शिकवलेलं मला ऐकवू नकोस.

अंकित: मग कोणी शिकवलेलं ऐकवू?

उन्नती: मी वाचलंय सगळं. असा कान असलेले काही लोक बरे झाल्यावर परत उतरले आहेत. रीतसर पेपर आहेत त्यावर.

अंकित: किती लोक?

उन्नती: थोडे.

अंकित: अन् ज्यायले नाही जमलं, त्यायचे पेपर कोण लिहिते?

उन्नती: तेही लिहितात. तेही वाचलेत मी.

अंकित: हे बरं आहे. सारं वाचायचं अन् मंग पट्टा टाकीमागं लपवायचा.

उन्नती: चहा घेशील का? आई ठेवून राहिली असेल.

अंकित: चहा नंतर. कान गेला त्या दिवशीचं, त्या पाणी भरलेल्या खदानीतलं, तुले किती आठवते?

उन्नती: बरंच.

अंकित: काय आठवते?

उन्नती: सर्दी होती मला. कान मोकळा होत नव्हता तरी मी खाली जात राहिले, कारण मालवणला जायला महिना उरला होता आणि सराव पुरा व्हायचा होता. मग कानात एकदम गार पाणी ओतल्यासारखं झालं आणि सगळं गोल फिरायला लागलं. मी स्वतःला म्हटलं, बुडबुडे बघ, बुडबुडे नेहमी वर जातात. बघितले, तर ते आडवे जात होते. मला वाटलं, बुडबुडे चुकताहेत.

अंकित: मले काय आठवते, सांगू? तू खाली पोहून राहिली होती. मी तुले वर ओढत होतो अन् तू मले लाथा मारून राहिली होती, जसा काही मीच तुले बुडवून राहिलो. माह्या तोंडातली नळी निघाली दोन खेपा. तेव्हा तुहा पट्टा सोडला, म्हणून तू वर आली. मी तुह्यापेक्षा पंधरा किलोनं जड आहे, उन्नती. गार्गी किती आहे?

उन्नती: तसं होणार नाही.

अंकित: काहून नाही होणार?

उन्नती: कारण या वेळी मला सर्दी नाही. कान मोकळा आहे. मी घाई करणार नाही, दर हातभराला थांबेन.

अंकित: हे तू स्वतःले सांगून राहिली का मले?

उन्नती: दोघांना.

अंकित: दोन वर्षं झाले. दोन खेपा आम्ही गेलो, तू बोटीत बसली. तेव्हा काही म्हटलं नाही. याच वर्षी काय झालं?

उन्नती: काही झालं नाही. तेच तर. दर वर्षी मी इथे बसून सगळं जमवते. बंदराची परवानगी, सिलिंडर, बोट, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, कोण कोणाच्या जोडीला, कोणाला किती शिसं. त्या खाडीच्या तोंडाशी किती वाजता पाणी फिरतं ते मी इथून सांगू शकते. आमच्या शेजारचे रुपराव काका विचारतात, बेटा, समुद्र इथून चहूकडं सारखाच दूर आहे, तुझं काय काम त्याच्याशी?

अंकित: बरोबर म्हणतात.

उन्नती: चूक म्हणतात. बंगालचा उपसागर पुष्कळ जवळ पडतो.

अंकित: मग आपण तिकडं काहून नाही जात?

उन्नती: तिकडे मला बोटवाल्याशी मराठीत भांडता येणार नाही.

अंकित: हे मात्र खरं आहे.

उन्नती: मग तुम्ही उतरता. बोटीतून एक एक जण मागे कलंडतो आणि नाहीसा होतो. मी घड्याळ बघते, डोकी मोजते. तुम्ही वर येता, मुखवटा काढता आणि एकमेकांकडे बघता. कोणाच्या कपाळावर मुखवट्याचा वळ, कोणाच्या नाकातून पाणी, पण तोंडावर सगळ्यांच्या तेच. सगळे एकाच लग्नाला जाऊन आल्यासारखे दिसता. मी विचारते, खाली काय होतं? तू म्हणतोस, कचरा.

अंकित: मग कचराच तं होता.

उन्नती: बाकी काही नव्हतं?

अंकित: होतं.

उन्नती: मग सांगत का नाहीस?

अंकित: तुले वाईट वाटन म्हणून.

उन्नती: न सांगितल्यावर बरं वाटतं असं वाटलं का तुला?

अंकित: मले काय वाटलं ते मलेच नाही माहीत. मी पाहतो तुह्याकडं, तू बोटीच्या काठाले धरून वाकून राहते, अन् माह्या तोंडून कचरा एवढंच निघते.

उन्नती: एक विचारू? खरं सांग. पहिल्या वर्षी मी वरच तरंगत राहिले, नंतर उतरलेच नाही. समुद्रात खाली तडतड ऐकू येते का? सारखी, न थांबता?

अंकित: येते.

उन्नती: कशी?

अंकित: तेल तापल्यावर मोहरी टाकली, तशी. पण चहूकडून.

उन्नती: ती कोळंबी असते. बोटाएवढी. एक नांगी मिटते इतक्या जोरात की पाण्यात बुडबुडा फुटतो, त्याचा तो आवाज. मी रेकॉर्डिंग ऐकलंय, खूप वेळा ऐकलंय. आपल्या तळ्यांत तो नसतो. मी एम.एस्सी.ला तळ्यातल्या गोगलगायी मोजल्या, तळं मुकं असतं. मला वाटायचं, समुद्रात उतरू तेव्हा आधी डोळे मिटायचे.

अंकित: हे तू कधी बोलली नाही.

उन्नती: काय बोलणार? आता पुढचं ऐक, हसू नको. परवा तू खामला चौकात मागून हाक मारलीस.

अंकित: अन् तू पुढं पळाली. मले वाटलं, ओळख सोडली पोरीनं.

उन्नती: एका कानाला दिशा कळत नाही. घरात फोन वाजला तर मी सगळ्या खोल्या फिरते. गाडीचा हॉर्न आला की मी रस्त्यात उभी राहते, कारण कुठे सरकायचं ते कळत नाही. आई माझ्याशी बोलायला आधी उजवीकडे येते, मग बोलते, तिला आता ते लक्षातही येत नाही. सगळं जग एका बाजूने चालू आहे.

अंकित: माहीत आहे.

उन्नती: पाण्याखाली तसं नाही. पाण्यात आवाज इतका जोरात धावतो की दोन्ही कानांना एकदमच पोचतो, कवटीच्या हाडातून येतो. तो कुठून आला हे कोणालाच कळत नाही. तुला नाही, ऋषिकेशला नाही, पट्टीच्या पाणबुड्यालाही नाही. तिथे मी तुमच्यासारखी होत नाही गा. तुम्ही माझ्यासारखे होता.





अंकित: तू बरोबर आहे, अन् तरी मी तुले उतरू नाही देणार.

उन्नती: तू कोण देणारा? ही टोळी मी उभी केली.

अंकित: तूच केली. म्हणून म्हणतो. कोणी दुसऱ्यानं असं लपवून जोडी लावली असती तं तू त्याले गाडीत बसू दिलं असतं का?

उन्नती: नाही.

अंकित: झालं मग.

उन्नती: झालं नाही. पटणं वेगळं आणि... थांब. फोन वाजतोय. कुठे आहे?

अंकित: इथं, पिशव्यायखाली. गार्गी आहे. घे.

उन्नती: स्पीकरवर टाक, हात शिशाने काळे झालेत. हं, गार्गी, बोल.

गार्गी: ताई, बिझी आहात का? दोनच गोष्टी. पहिली, पप्पा संत्र्यांचा क्रेट पाठवून राहिले. मी नको म्हटलं, पण ते कळमन्याच्या बाजारातले अडते, माल दिल्याशिवाय त्यांना कोणाचा निरोप घेता येत नाही. त्यांना अजूनही वाटून राहिलं की आपण बीचवर झाडू मारायला चाललो.

उन्नती: येऊ दे. बोटीत खायला होतील. सालं मात्र पिशवीत. दुसरी?

गार्गी: दुसरी ती आपली... तुम्ही एकट्या आहात ना?

उन्नती: अंकित इथेच आहे.

गार्गी: अरे बापरे. मग नंतर बोलू का? तुम्हीच म्हटलं होतं ना, अंकितदादाला इतक्यात सांगायचं नाही.

अंकित: बोल गार्गी, बोल. अंकितदादाले समजलं आहे.

गार्गी: सीरियसली? रागावले नाही ना?

अंकित: नाही बाप्पा. मी कायले रागावू?

गार्गी: आवाज तर रागाचाच आहे. ताई, मतलब असं झालं, काल पूलवर ऋषिकेशदादाने सगळ्यांना एक एक प्रश्न विचारला. मला विचारलं, समजा खाली तुझ्या जोडीदारालाच चक्कर आली तर काय करशील? मी सांगितलं, मागून धरीन, पट्टा सोडीन, हळूहळू वर आणीन. ते म्हणे, बरोबर. पण मग घरी येऊन मला हसूच आलं. म्हटलं, माझी जोडीदार उन्नतीताई आहे, त्यांना कशाला चक्कर येईल? मलाच आली तर त्या आणतील. आणाल ना?

उन्नती: अंकित, फोन जरा जवळ धर.

गार्गी: ताई? आवाज येऊन राहिला का?

उन्नती: येतोय.

गार्गी: मला जरा भीती वाटून राहिली, खरं सांगते. मागच्या रविवारी तर मी नाहीच म्हणणार होते. मग तुम्ही म्हणालात, मी येते तुझ्यासोबत. तेव्हापासून एकदम शांत झोप लागते. मम्मीलाही मी तेच सांगितलं, ताई आहे म्हणून.

उन्नती: गार्गी, आता नीट ऐक. तुझ्या जोडीला मी नाही.

गार्गी: म्हणजे? अंकितदादा काही बोलले का?

उन्नती: तो बरंच बोलला, पण हे मी सांगते आहे. माझा डावा कान गेलेला आहे, तुला माहीत आहे.

गार्गी: हो, कमी ऐकू येतं तुम्हाला. मी उजवीकडूनच बोलते.

उन्नती: नुसतं कमी ऐकू येणं नाही. तोल सांभाळणारा भागही तिथेच असतो. खाली मला चक्कर येऊ शकते. आली, तर मला वर कुठे आणि खाली कुठे ते कळणार नाही, आणि मी शांत राहणार नाही. तू मला वर ओढशील आणि मी तुझ्याशी मारामारी करीन. तुझ्या तोंडातली नळी काढीन.

गार्गी: तुम्ही असं नाही करणार.

उन्नती: मी केलंय.

गार्गी: कोणासोबत?

अंकित: माह्यासोबत.

गार्गी: ...मग मी जमवलं असतं ना, ताई. मी तुम्हाला सोडलं नसतं. आणलं असतं वर.

उन्नती: हो. तू सोडलं नसतंस. म्हणूनच नको.

गार्गी: मग मी कोणासोबत? रद्द का माझं?

उन्नती: रद्द नाही. तू अंकित आणि ऋषिकेशच्या मध्ये. तिघांची जोडी चालते. खोल जायचं नाही, तो उथळ तुकडा तुम्ही तिघं करा. अंकित कुरकुर करेल, तिघांत पिशवी अडकते म्हणेल. लक्ष देऊ नको.

अंकित: अडकतेच. पण ये तू.

गार्गी: आणि तुम्ही, ताई?

उन्नती: मी बोटीत.

गार्गी: मला न सांगता उतरणार होत्या ना तुम्ही? म्हणजे हे चकरेचं न सांगता.

उन्नती: हो.

गार्गी: बरं. ...संत्री दोन क्रेट सांगू का पप्पांना?

उन्नती: एक पुरे. आज लवकर जेव, सर्दी वाटली तर लगेच सांग. लपवायचं नाही.

गार्गी: नाही लपवत. ठेवते.

अंकित: ठेवला तिनं.

उन्नती: कळलं मला. तेवढं ऐकू येतं.

अंकित: रागावली असन का ती?

उन्नती: रागवायलाच पाहिजे. उद्या गाडीत बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसेन मी. उजवा कान तिच्याकडे ठेवून. जे बोलायचं ते बोलू दे.

अंकित: ती नाही बोलायची काही. संत्री सोलून देईन तुले.

उन्नती: तेच जड जाईल.

अंकित: मी एक सांगू का? तिथं अमावस्येच्या ओहोटीले पाणी बरंच मागं जाते. खडक उघडे पडतात, त्यायच्यात डबकी राहतात. आपण चाललो तेव्हाच अमावस्या आहे. तिथं चालत जाता येईन तुले. गुडघाभर पाण्यात.

उन्नती: ओहोटी किती वाजता आहे, तेही सांगू का तुला?

अंकित: तुले माहीत असनच. म्हणून तं म्हणून राहिलो.

उन्नती: जाईन. खेकडे बघीन, समुद्रफुलं बघीन, पिशव्या वेचीन. पण तो तळ नाही, अंकित. पाणी निघून गेल्यावर जे उरतं, तो किनाराच असतो. माझी समजूत काढू नकोस.

अंकित: बरं. नाही काढत.

उन्नती: आणि काढायचीच असेल तर चांगली काढ. ही फार स्वस्त होती.

अंकित: आता मी कॉम्प्रेसरवाला माणूस. माह्याजवळ याच्याहून महाग नाही निघत.

उन्नती: मागच्या वर्षी एक केलं मी. तुम्ही सगळे खाली होतात. इंजिन बंद, बोटवाले काका पुढे टोपी डोळ्यांवर घेऊन आडवे झालेले. मी वल्हं घेतलं, पाण्यात उभं सोडलं आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडाला लावला. डाव्या कानामागे लावून पाहिला, काही नाही. मग उजव्या.

अंकित: मग? ती कोळंबी ऐकू आली?

उन्नती: नक्की सांगता येणार नाही. बोटीवर आपटणारं पाणीही तसंच वाजतं. मला वाटलं म्हणून ती होती, असं मी म्हणणार नाही.

अंकित: मग काहीच नाही आलं?

उन्नती: आलं. बुडबुडे. ते नक्की होते, कारण ते थांबत होते आणि परत येत होते. तुम्ही बोटीखालून जात होतात. ऋषिकेशचा श्वास तोकडा आहे, घाईघाईचा, बसस्टॉपवर उभा असल्यासारखा. वैभवीचा दोन दोन मिळून येतो. आणि एक होता, लांब. फार वेळाने यायचा. इतका वेळाने की दर वेळी मला वाटायचं, आता नाही येणार.

अंकित: तो माहा?

उन्नती: तुझा. नंतर तू वर आलास तेव्हा सिलिंडरमध्ये सगळ्यात जास्त हवा तुझ्याच उरली होती, त्यावरून खात्री केली.

अंकित: मले काहून नाही सांगतलं?

उन्नती: तू म्हणालास, खाली कचरा होता. मग मीही नाही सांगितलं.

अंकित: किती वेळ ऐकलं?

उन्नती: तुम्ही वर येईपर्यंत. मान आखडली होती. काका उठले आणि म्हणाले, बाय, झोप लागली काय वल्ह्यावर?

अंकित: मग या खेपेले मी जरा लवकर लवकर घेईन श्वास. तुले वाट नाही पाहावी लागन.

उन्नती: वेडा आहेस का? हवा लवकर संपेल तुझी.

अंकित: संपू दे. लवकर वर येईन.